वाघोबाच्या आईची अट



दिवाळीच्या तोंडावर वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. त्याच तिथीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, आपल्याच जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम अंगाला, डोंगरातल्या गावांत दुसरा एक सण असतो. वाघबारस. एकाच दिवशी खाली गाईला ओवाळतात आणि वर वाघाला नैवेद्य दाखवतात. जिला खायचं तीही देव आणि खाणाराही देव! बाहेरच्या माणसाला हे कोडंच वाटेल. डोंगरातल्या जुन्या माणसांना वाटत नाही, कारण त्यामागची गोष्ट त्यांना ठाऊक असते. आज ती गोष्ट आणि तिच्या सोबतीच्या आणखी काही गोष्टी घेऊन आम्ही बसलोय.

आधी सण कसा करतात ते सांगतो. शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी वाघोबाचं ठाणं असतं. कुठं शेंदूर फासलेला नुसता धोंडा, कुठं दगडावर नाहीतर लाकडावर कोरलेला वाघ आणि शेजारी चंद्र-सूर्य. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, दूध, गूळ गोळा करतात. ठाण्यापाशीच तीन दगडांची चूल मांडून खीर शिजवतात, नैवेद्य होतो. मग खेळ. एक पोर वाघ बनतं. बाकीचे त्याला घेरून विचारतात, आमच्या शिवारात येशील का? आमच्या गुरांना हात लावशील का? तो 'नाही' म्हणतो तेव्हाच त्याला सोडतात आणि आरडाओरडा करत शिवेपलीकडं पिटाळतात. गावागणिक रीत बदलते, कुठं वाघाच्या जोडीला अस्वल आणि कोल्हाही असतो. पण प्रश्न तोच आणि उत्तरही तेच.

म्हणजे हा दरवर्षी नव्यानं केलेला करारच झाला की. आणि करार म्हटलं की तो कधीतरी पहिल्यांदा झाला असणार. कोणी केला?

घाटाखाली, पालघर-ठाण्याकडं वारली लोकांत वाघोबाची जी जन्मकथा सांगतात, ती ढोबळ मानानं अशी. एका बाईला लग्नावाचून मूल झालं. मूल वाढायला लागलं तसं ध्यानात आलं, की हा पोरगा मधूनच वाघ होतो. गुरं मारतो. गाव घाबरलं आणि मग चिडलं. लोक आता याला जिवंत सोडत नाहीत, हे आईनं ओळखलं. तिनं पोराला रानात नेलं आणि सांगितलं, तू इथं राहायचं, गावाला त्रास द्यायचा नाही. गावाला सांगितलं, त्याला मान द्या, त्याचं ठाणं करा, वर्षातून एकदा त्याचा वाटा त्याला पोचवा. दोन्ही बाजूंनी कबूल केलं. तेव्हापासून रान त्याचं आणि गाव माणसांचं.

आता या गोष्टीकडं बायांच्या नजरेनं बघू. लग्नाआधी आई झालेली एकटी बाई. तिला गावानं काय काय ऐकवलं असेल, ते आपल्याला कोणी सांगायला नको. पण गोष्टीत गावाचं आणि वाघाचं भांडण मिटवायला ना पाटील येतो, ना भगत, ना राजा. मिटवते ती हीच बाई. माझं पोर गरीब आहे, असं ती म्हणत नाही. ते धोक्याचं आहे हे तिला माहीत आहे. गावाच्या भीतीलाही ती खोटं ठरवत नाही. दोघांची बाजू धरून ती मध्ये एक शीव आखते. वन्यजीवांचे अभ्यासक आज 'सहजीवन' वगैरे मोठे शब्द वापरतात. आमच्या मते त्यातलं बरंचसं या बाईनं आधीच सांगून ठेवलंय. त्या अभ्यासकांनाही हे जाणवलं असावं. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरमधली दीडशेहून जास्त वाघोबाची ठाणी त्यांनी फिरून नोंदवली आणि २०२१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला.

आपल्याकडं आता पट्ट्याचा वाघ नाही. पण बोलीभाषेत बिबट्यालाही आपण वाघच म्हणतो, त्यामुळं गोष्ट काही जुनी झालेली नाही. उलट ती डोंगरातून खाली उतरली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं, जिथं बाजरी आणि मठ व्हायची तिथं ऊस उभा राहिला. बिबट्याला उसात काय कमी? दाट आडोसा, पाणी, वस्तीवरची कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याची मादी पिलंही तिथंच घालते. तोडीला टोळी आली की फडात पिलं सापडतात, हे आपल्यातल्या कित्येकींनी डोळ्यांनी पाहिलंय. वाघोबाची शीव रानाच्या कडेला होती. आता ती आपल्या गोठ्यामागच्या बांधावरून जाते.

इथं एक खरी हकीकत सांगायला हवी, कारण ती गोष्टीला धरून आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडले गेले. त्यातले २९ बिबटे सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलात नेऊन सोडले. विचार सरळ होता, वाघ जंगलातला, त्याला जंगलात सोडा. पुढं अभ्यासकांनी नोंदी तपासल्या. आधीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. ही हलवाहलव सुरू झाल्यावर ते सरासरी १७ वर गेले. जीव जाण्याचं प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. हलवण्यामुळंच हल्ले वाढले असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष निघाला. उचलून दुसरीकडं सोडलेल्या जनावराला तिथल्या वाटा, पाणी, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा माहीत नसतात. ते बिथरतं आणि परतीची वाट शोधतं. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरं जनावर घेतं, ज्याला आपल्या वस्तीची ओळख नसते.

वाघबारशीच्या खेळात पोरं वाघाला काय म्हणतात, ते आठवा. 'आमच्या' शिवेवर येशील का? करार जगातल्या सगळ्या वाघांशी होत नाही. शेजारच्या वाघाशी होतो, जो आपल्याला ओळखतो आणि ज्याला आपण ओळखतो. शेजारी बदलला की करार मोडला.

पण थांबा. गोष्टीचा मान राखायचा म्हणून डोळे मिटून घ्यायचे, हे आम्हाला मान्य नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात लेकरं गेली आहेत, बाया गेल्या आहेत. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घरात जाऊन वाघोबाच्या कराराची गोष्ट सांगायची कोणाची हिंमत होईल? शेंदूर लावल्यानं लेकरू वाचत नाही. दुसऱ्या बाजूला, ठाणं उखडून टाकलं म्हणून बिबट्याही जात नाही. गोष्ट आपल्या जागी आणि सावधपणा आपल्या जागी. दोन्ही सोबत चालतात.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. पार प्रशांत महासागरात हवाई नावाची बेटं आहेत, ज्वालामुखीतून वर आलेली. तिथल्या मूळ लोकांची पेले नावाची देवी आहे, आगीची. किलाउएआ नावाच्या धगधगत्या डोंगराच्या मुखात ती राहते, असं ते मानतात. तिची धाकटी बहीण हिइआका. एकदा पेलेनं तिला लांबच्या कामाला पाठवलं. हिइआका म्हणाली, जाते, पण माझी मैत्रीण आणि माझी फुलांची राई तेवढी सांभाळ. पेलेनं कबूल केलं. बहिणीला परतायला उशीर झाला, पेलेच्या मनात संशय शिरला आणि तिनं राई आणि मैत्रीण दोन्ही जाळून टाकली. तिथंही करारच होता बघा, फक्त तो मोडला. दोन बहिणींचं ते भांडण आपल्या एखाद्या कहाणीत सहज खपून जाईल. आता पुढचं ऐका. २०१८ मध्ये तो डोंगर फुटला, लाव्हा वस्तीत आला, सातशेच्या आसपास घरं गेली. तेव्हा लोकांनी लाव्ह्याच्या वाटेवर पेलेसाठी हिरवी पानं वाहिली आणि सामान गाडीत भरून घरंही सोडली. पानं वाहिली म्हणून कोणी घरात बसून राहिलं नाही.

आपलं सामान गाडीत भरणं म्हणजे काय, ते पटकन सांगून टाकतो. तुम्हाला पाठ असेल, तरी पोरांसाठी म्हणून. अंधार पडल्यावर लेकराला उसाच्या कडेला एकटं सोडायचं नाही, परसाकडंला तर मुळीच नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून उसालगत खुरपताना, गवत कापताना, बाळाला पाजायला बसताना दोघी-तिघींनी सोबत असावं, बोलत असावं, मोबाइलवर गाणी लावून ठेवावीत. रात्री बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय निघू नये. गोठ्याला वरपर्यंत जाळी असावी. कोंबड्यांची घाण, मेलेली जनावरं उघड्यावर टाकली की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं तो येतो. फडात पिलं दिसली तर हात लावायचा नाही, फोटो काढत बसायचं नाही. आई जवळपासच असते. तोड थांबवून मागं सरायचं आणि वनखात्याला कळवायचं, १९२६ वर. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं वनखात्याच्या सोबतीनं अशी पिलं रात्रीतून त्यांच्या आईला परत मिळवून देतात. इथंही शेवटी आईच येते बघा.

एक मागणी मात्र आपणच लावून धरायला हवी. शेताला वीज रात्रीची मिळते, म्हणून पाणी द्यायला माणसं रात्री उसात शिरतात. वाघोबाच्या करारात रात्र त्याची होती. ती आपण मोडतो, पण हौसेनं मोडत नाही. दिवसा वीज मिळाली तर निम्मी भीती कमी होईल.

वाघोबाची गोष्ट जशी शीव सांगते, तशा दुसऱ्या गोष्टी आणखी काही सांगतात. भीमाशंकरला महादेवानं त्रिपुरासुराला मारलं, तो दमून बसला आणि त्याच्या अंगाच्या घामातून भीमा वाहू लागली, हे आपण सगळ्या जाणतो. गोष्ट म्हणून ऐकली तर नवल. पण नदी जिथं उगम पावते ती जागा देवाचं अंग आहे, असं एकदा ठरलं की तिथं कुऱ्हाड चालवायला हात धजत नाही. भीमाशंकरच्या रानाला १९८५ मध्ये सरकारनं अभयारण्य केलं. त्याआधी कितीतरी पिढ्या त्याच्यावर देवाचा पहारा होता. आहुप्याची देवराई घ्या. भैरवनाथाचं रान म्हणून ती राखली गेली. बाकीच्या रानातून हिरडा गोळा करायचा, सरपण आणायचं, पण देवराईतली काडी मोडायची नाही. शेकरू ज्या उंच झाडांवर घरटं करतं, तशी जुनी झाडं अशा राखलेल्या रानांतच उरली आहेत. भगताचा धाक चांगला की वनखात्याचा, यावर गटात वाद घालायला आम्हाला आवडेल. आमचं म्हणणं इतकंच, की धाकामागचं कारण पोरांना सांगितलं नाही, तर पुढच्या पिढीला दोन्ही धाक वाटणार नाहीत.

आता दुसरी बाजू. गोष्टी जपतात तशा विसरतातही, आणि काय विसरतात ते बघण्यासारखं आहे. नाणेघाटात गेलात तर लोक नानाचा अंगठा दाखवतात, जकातीचा दगडी रांजण दाखवतात. हा नाना कोण, याच्या दहा गोष्टी आहेत. पण घाटाच्या गुहेत भिंतीवर ब्राह्मी लिपीत जो लेख कोरलाय, त्यात नानाचं नावही नाही. तो लेख आहे नागनिका राणीचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. सातवाहन राजा सातकर्णीची ती राणी. कोणते यज्ञ झाले, किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती नाणी दान दिली, याचा पक्का हिशेब तिथं आकड्यांसकट आहे. आकडे कसे लिहायचे, याचा आपल्या देशातल्या फार जुन्या पुराव्यांपैकी तो एक आहे. त्याच गुहेत तिचा, तिच्या नवऱ्याचा आणि घरच्या इतरांचे पुतळे कोरलेले होते. आज पुतळे गेले. पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी राहिली. दगडावर नाव असूनही लोकांच्या तोंडी राणी राहिली नाही, नाना राहिला. असं का व्हावं? आम्हाला वाटतं, लेख वाचता येणारे संपले आणि गोष्ट सांगणारे उरले. सांगणाऱ्यांना जो नाना सुचला, तो त्यांनी सांगितला.

लेण्याद्रीचंही तेच. गिरिजात्मजाच्या दर्शनाला आपण पायऱ्या चढतो, पार्वतीनं इथं तप केलं, मळाची मूर्ती करून गणपती मिळवला, ही गोष्ट सांगत चढतो. ती लेणी मुळात बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. जुन्नरच्या डोंगरांतल्या लेखांमध्ये दान देणारे कोण आहेत? धान्याचा व्यापार करणाऱ्यांची श्रेणी आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडं ठेव ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे तेव्हाचे बचतगटच म्हणा ना! पार्वतीच्या गोष्टीला त्यानं बाधा येत नाही. एका डोंगरावर दोन गोष्टी मावतात.

पाण्याखाली गेलेल्या गोष्टीही आहेत. आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणात गेलं. कचेरी घोडेगावला, नाव आंबेगावचं आणि गाव पाण्यात. धरणात गाव जातं तेव्हा जमिनीचा पंचनामा होतो, घराचा होतो, झाडांचा होतो. शिवेवरच्या धोंड्याला कोणती गोष्ट चिकटलेली होती, याचा पंचनामा कोण करणार? उठून गेलेल्या माणसांनी काही देव डोक्यावर घेऊन नव्या जागी आणले. पण ज्या गोष्टी त्या ओढ्याच्या, त्या आंब्याच्या, त्या वळणाच्या होत्या, त्या दाखवायला जागाच उरली नाही, की त्या सांगायच्याही राहून जातात.

हवाईच्या लोकांचं इथं पुन्हा नाव घ्यावं लागतं. त्यांच्या भाषेत १८३४ मध्ये पहिलं वर्तमानपत्र निघालं आणि पुढं शंभराहून जास्त निघाली. लोकांनी त्यांत आपल्या आजोबा-आजींच्या गोष्टी लिहून पाठवल्या. पेले आणि हिइआकाची गोष्ट १८६१ मध्ये हप्त्याहप्त्यानं छापून आली. पुढं १८९६ मध्ये कायदा झाला आणि शाळा इंग्रजी झाल्या. पोरं घरची भाषा विसरत गेली. भाषा जवळजवळ गेलीच होती. १९८० च्या दशकात तिथल्या पालकांनी लहान मुलांसाठी आपल्या भाषेतल्या बालवाड्या काढल्या, तेव्हा शिकवायला आणि सांगायला काय मिळालं? तीच जुनी वर्तमानपत्रं. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार भावली. एका जोडप्याचं पहिलं मूल जन्मतःच मेलेलं होतं. त्यांनी ते पुरलं आणि तिथून अळू उगवला. दुसरं मूल जगलं, त्याच्यापासून माणसं झाली. म्हणून अळू हा थोरला भाऊ. त्यानं धाकट्याला खाऊ घालायचं आणि धाकट्यानं त्याची निगा राखायची. आपल्या मोरीच्या पाण्यावर वाढणारा अळू उद्या कापताना ही गोष्ट आठवली, तर वडीची चव काही बिघडणार नाही.

तर आमचं तुमच्या गटांकडं एक काम आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, की अर्धा तास गोष्टींसाठी काढा. गटातली जी सर्वांत वयस्क आजी असेल तिला बोलवा. तिला 'दंतकथा सांगा' असं म्हणू नका, ती गप्प बसेल. तिला विचारा, तुमच्या माहेरच्या शिवेवर कोणता देव होता? त्याला काय चालायचं, काय चालायचं नाही? वाघबारशीला बायांनी जायचं की नाही, आणि नसेल तर का नाही? कुठल्या झाडाखाली दुपारी बसू देत नव्हते? एकीनं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, एकीनं वहीत गाव, वाडी, ओढा, झाड यांची नावं लिहायची. आजीच्या बोलीतच लिहा, शाळेतल्या भाषेत दुरुस्त करू नका. दोन आज्यांनी एकच गोष्ट दोन तऱ्हेनं सांगितली तर दोन्ही लिहा, खरी कोणती यावर भांडू नका. आणि आजीनं 'हे बाहेर सांगायचं नाही' असं म्हटलं तर रेकॉर्डिंग बंद करायचं. काही गोष्टी घरातच राहायच्या असतात.

जमलेल्या गोष्टी आमच्याकडं पाठवा. वाघबारशीच्या आठवड्यात आजींच्याच आवाजात त्या ऐकवू. आणि पाठवताना वाघोबाचा तो धोंडा आज नेमका कुठं आहे, तेही लिहा. शिवेवरच आहे, की रस्ता रुंद करताना हलवला, की आता चारही बाजूंनी ऊस आहे.